गंगाजळी आणि फासे

नाशिकमध्ये जुनी माणसं गोदावरीला गोदावरी म्हणत नाहीत. "गंगेवर जाऊन येतो" म्हटलं की माणूस रामकुंडाकडे निघालाय, हे कळतं. घरोघरी देवापाशी गंगेच्या पाण्याचं एक लहान भांडं असायचं. ती गंगाजळी. रोजच्या तहानेसाठी त्यातलं पाणी कुणी घेत नसे. पुढे हाच शब्द राखून ठेवलेल्या पैशाला लागला. आजही देशाकडच्या डॉलरच्या साठ्याची बातमी मराठी पेपरात 'परकीय चलनाची गंगाजळी' अशीच छापून येते.

पोकर खेळणारे ज्याला बँकरोल म्हणतात, त्याला मराठीत मला हाच शब्द जवळचा वाटतो. मी सव्वा वर्ष ऑनलाइन पोकर खेळलो. बँकरोल कसा सांभाळायचा यावर असंख्य व्हिडिओ पाहिले, एक्सेलमध्ये तक्ते केले, आणि एका रात्रीत सगळं घालवून बसलो. त्यानंतर या विषयावरचा सगळ्यात शहाणा मजकूर मला सापडला तो शहराच्या कडेला, डोंगरात कोरलेला. तो जवळपास १९०० वर्षांपूर्वीचा आहे.

मुद्दलाला हात लावायचा नाही

मुंबई-आग्रा महामार्गाला लागून त्रिरश्मी डोंगर आहे. त्यावर २४ बौद्ध लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा आणि या लेण्यांचा काही संबंध नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. यातलं दहाव्या क्रमांकाचं लेणं क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं कोरवून घेतलं. त्यातल्या ब्राह्मी लिपीतल्या एका लेखात, ४२व्या वर्षाच्या नोंदीत, चक्क एक गुंतवणूक लिहून ठेवली आहे.

उषवदातानं या लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण दिले. ते भिक्षूंच्या हाती दिले नाहीत. गोवर्धनच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. २,००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. १,००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. पुढे लेख बजावतो की हे कार्षापण परत द्यायचे नाहीत, फक्त त्यांचं व्याज वापरायचं. अशा ठेवीला नाव होतं 'अक्षयनीवी', म्हणजे कधीही न संपणारं मुद्दल.

आता हिशेब करून बघा. २,००० वर महिन्याला शेकडा एक म्हणजे २० कार्षापण, वर्षाला २४०. लेख सांगतो की पावसाळ्यात इथं राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. २० गुणिले १२, बरोबर २४०. एक नाणं जास्त नाही, एक कमी नाही.

मी हा गुणाकार पहिल्यांदा लेण्यातच फोनच्या कॅल्क्युलेटरवर केला आणि थोडा वेळ तिथंच बसलो. रक्कम दोन ठिकाणी विभागलेली. दोन्हीचे दर ठरलेले. खर्च उत्पन्नाबाहेर जाणार नाही याची तजवीज. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटी येते. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगरातल्या प्रतिष्ठितांच्या सभेत, जाहीर ऐकवलं गेलं आणि दप्तरात नोंदवलं गेलं. उद्या खुद्द उषवदाताला वाटलं असतं की यातले ५०० काढावेत, तर विणकर, सभा, दप्तर आणि ही भिंत, सगळे आडवे आले असते.

सगळ्यात सद्गुणी खेळाडू

त्याच डोंगराला पांडवांचं नाव पडावं, ही मात्र गंमत आहे. कारण मुद्दलाचं काय करू नये, याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण पांडवांचंच.

सभापर्वातला द्यूताचा प्रसंग आपण लहानपणापासून कपटाची गोष्ट म्हणून ऐकतो. शकुनी कपटी होता, हे खरंच. पण एखाद्या पोकर खेळणाऱ्यानं तो वाचला तर त्याला वेगळंच दिसतं. युधिष्ठिराचे पण हळूहळू मोठे होत जातात. आधी रत्नं आणि सोनं, मग रथ, हत्ती, घोडे, मग राज्य, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, मग स्वतः. प्रत्येक हारीनंतर शकुनी साधारण एकच विचारतो, अजून काही उरलंय का? विदुर खेळ थांबवायला सांगतो, कुणी ऐकत नाही. हरलेलं परत मिळवण्यासाठी पुढचा पण आधीपेक्षा मोठा लावायचा, याला आज पोकरच्या टेबलावर 'टिल्ट' म्हणतात.

आणि मग द्रौपदीचा प्रश्न. राजानं आधी स्वतःला हरवलं की मला? हा धर्माचा प्रश्न आहे तसाच हिशेबाचाही. जो स्वतःलाच हरून बसला, त्याच्याकडे पणाला लावायला स्वतःचं असं उरलं काय? सभेत कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही.

युधिष्ठिर लोभी नव्हता, खोटारडा नव्हता. महाभारतात त्याच्याइतका संयमी माणूस शोधून सापडायचा नाही. तरी तो थांबला नाही, कारण त्याला थांबवणारी गोष्ट फक्त त्याच्या मनात होती.

वनवासात बृहदश्व ऋषी त्याला नळाची गोष्ट सांगतात. नळही फाशांत राज्य हरलेला. पुढे तो ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याच्या झाडावरची पानं-फळं किती ते अंदाजानं सांगतो, आणि नळ झाड पाडून मोजतो तेव्हा आकडा बरोबर निघतो. नळ त्याला घोड्यांची विद्या देतो आणि बदल्यात फाशांची विद्या, अक्षहृदय, घेतो. जुगारातलं कौशल्य आणि मोजण्याचं गणित एकाच झाडाखाली शिकवलं जातं, हे मला फार आवडतं. पण पुढे काय होतं बघा. नळ परत येऊन पुष्कराशी खेळतो तेव्हा सगळं एकाच डावावर लावतो, दमयंतीसुद्धा. जिंकतो म्हणून आपण टाळ्या वाजवतो. विद्या आली, तरी एका डावात सर्वस्व लावायची खोड गेली नव्हती.

घराचा वाटा

खेळ कितीही जुना असो, त्यात तिसरा माणूस असतोच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठरलेल्या जागी चालवायचा, फासे सरकारी, आणि जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच अध्यक्षानं घ्यायचे. आजच्या पोकरमध्ये प्रत्येक डावाच्या जमलेल्या पैशातून चालवणारा जो वाटा कापतो, त्याला रेक म्हणतात. तोही बऱ्याचदा शेकडा पाचच्या आसपास असतो.

पाच टक्के म्हणजे किरकोळ वाटतं. समजा, दोन अगदी तोडीस तोड मित्र प्रत्येकी ५,००० रुपये घेऊन बसले. दर डावात २०० रुपये जमतात आणि चालवणारा १० कापतो. कधी हा जिंकतो, कधी तो. १,००० डावांनंतर दोघांचे मिळून १०,००० रुपये चालवणाऱ्याकडे गेलेले असतात. दोघांपैकी कुणी वाईट खेळलेलं नसतं.

यात आणखी एक गणित आहे, ते १७व्या शतकातलं. पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रांतून शक्यतेचं शास्त्र जन्माला आलं. त्यातलाच एक प्रश्न हॉयगेन्सनं १६५७च्या आपल्या पुस्तकात घातला. आज त्याला 'जुगाऱ्याच्या दिवाळ्याचा प्रश्न' म्हणता येईल. खेळ अगदी निष्पक्ष आहे, नाणं उडवण्यासारखा, दर वेळी सारखीच रक्कम लावायची. तुमच्याकडे ५,००० आहेत, समोरच्याकडे ९५,०००. कुणीतरी पूर्ण रिकामा होईपर्यंत खेळलात, तर रिकामे तुम्ही होण्याची शक्यता ९५ टक्के. खेळात कपट नाही, तुमच्यात दोष नाही. त्याची थैली मोठी आहे, एवढंच कारण.

१९५६ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमधल्या जॉन केली यानं याचं दुसरं टोक सांगितलं. खेळ तुमच्या बाजूनं झुकलेला असेल, तर किती लावायचं? दामदुपटीच्या डावात जिंकण्याची शक्यता ५५ टक्के असेल, तर थैलीच्या १० टक्के. शक्यता ५० टक्के असेल तर शून्य. त्याहून कमी असेल तर सूत्राचं उत्तर उणे येतं, म्हणजे उठून घरी जा.

हे मुंबईच्या मटक्याला लावून बघा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर मुंबईत आकडे लावले जायचे. म्हणून अजूनही मटक्यात 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द आहेत. ते भाव यायचे बंद झाल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगतनं आणि १९६४ मध्ये रतन खत्रीनं आपापले मटके सुरू केले. गिरणगावातल्या कामगारांपासून महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांपर्यंत चिठ्ठ्या पोचल्या. दहा आकड्यांतला एक बरोबर आला की रुपयाला साधारण नऊ रुपये हातात. म्हणजे लावलेल्या प्रत्येक रुपयातले दहा पैसे सरासरीनं गेलेच. इथं शिस्त काय करणार? रोज १०० रुपयेच लावणारा शिस्तीचा माणूस आणि पगाराच्या दिवशी सगळं लावणारा बेशिस्त माणूस एकाच ठिकाणी पोचतात. पहिल्याला वेळ जास्त लागतो, इतकंच. मोठ्या थैलीचं तत्त्वज्ञान फक्त त्या खेळाला लागू आहे, जो मुळात तुमच्या बाजूचा आहे. बँकरोलच्या व्हिडिओंत हे वाक्य शेवटी, घाईघाईत येतं.

माझा तक्ता

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. आमचं गाव निफाड तालुक्यात, द्राक्षाची बाग. ऑगस्ट २०२२ मध्ये मी ५,००० रुपये घेऊन पोकरला सुरुवात केली. नियम पाठ होता. टेबलावर बसायला जी रक्कम लागते, तिच्या निदान २५ पट आपल्याकडे हवी. म्हणून २०० रुपयांचं टेबल. १०,००० झाले की ४०० चं टेबल, खाली घसरलं की परत २०० वर. मी ते केलं. सव्वा वर्षात ५,००० चे २५,००० झाले. हे माझ्या कौशल्यानं झालं की पत्ते बरे आले म्हणून, ते ठरवायला तेवढे डाव पुरेसे नव्हते. मला मात्र तेव्हा शंका नव्हती.

त्या काळात माझा आदर्श होता ख्रिस फर्ग्युसन. या अमेरिकन खेळाडूनं २००६ मध्ये ऑनलाइन पोकरमध्ये शून्यापासून सुरुवात केली. फुकटच्या स्पर्धांतून पहिले डॉलर मिळवले आणि १०,००० डॉलरपर्यंत पोचला. नियम साधे होते. टेबलावर बसताना थैलीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त न्यायचं नाही, मोठ्या स्पर्धेत २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. मी हे आकडे मॉनिटरला चिकटवले होते.

गोष्टीचा दुसरा भाग मी नंतर वाचला. फर्ग्युसन ज्या फुल टिल्ट कंपनीच्या संचालकांपैकी होता, तिच्यावर सप्टेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं आरोप केला की खेळाडूंचे जमा पैसे वेगळे राखलेच नव्हते, ते मालकमंडळींत वाटले गेले. फर्ग्युसनचंही नाव त्या दाव्यात होतं. पुढे त्यानं आरोप मान्य न करता तडजोड केली. थैली सांभाळायला शिकवणाऱ्याच्या कंपनीत लोकांच्या थैल्या सुरक्षित नव्हत्या. उषवदातानं विणकर निवडले, त्यांची नावनिशी, दर आणि अट भर सभेत वाचून दाखवली. पैसा कुणाकडे ठेवलाय, हाही शिस्तीचा भाग असतो. तो प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

१२ नोव्हेंबर २०२३, लक्ष्मीपूजनाची रात्र. आई-आप्पा गावी, मी शहरातल्या खोलीवर. दोन-तीन दिवस पत्ते वाईट येत होते. मी विचार केला, आज एकदाच मोठं टेबल. ५,००० चं. नियमाप्रमाणे त्यासाठी सव्वा लाख हवे होते. रात्री दोनपर्यंत पाच वेळा बसलो आणि पाचही वेळा उठलो. २५,००० संपले.

आप्पांचं बँक खातं माझ्या फोनवर जोडलेलं असतं. औषधांच्या दुकानाचे, मजुरीचे पैसे मीच पाठवतो. फुलोऱ्यातल्या फवारण्यांसाठी ठेवलेले ४०,००० त्यात होते. पहाटेपर्यंत तेही गेले. शेवटच्या डावापर्यंत मी स्वतःला सांगत होतो की जिंकले की लगेच परत टाकतो. शकुनीची गरजच नव्हती. 'अजून काही उरलंय का' हे मीच मला विचारत होतो.

दोन आठवड्यांनी, २६ नोव्हेंबरला, नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. निफाडची द्राक्षं ज्यांनी त्या दिवशी पाहिली, त्यांना जास्त सांगायला नको. आमची अर्धी बाग गेली. उरलेल्या अर्ध्या बागेला डाऊनीपासून वाचवायचं तर फवारणी तातडीची. सोमवारी सकाळी आप्पांचा फोन आला. "दुकानदाराला पंचवीस हजार टाकून दे."

मी तासाभरानं गावी गेलो आणि सांगितलं.

आप्पा बराच वेळ बांधावर बसून राहिले. मग म्हणाले, "माझा बी जुगारच हाये पावसाशी. पण त्यो मी नाही मांडला. तुझा तर तूच मांडला." एवढंच. मग उठून गावच्या पतसंस्थेत गेले. तिथं त्यांची एक ठेव होती, पुढच्या वर्षीच्या छाटणीची. गेल्या कित्येक वाईट हंगामांत त्यांनी तिला हात लावला नव्हता. लग्नकार्यात, आजारपणात उसने आणले, पण ती मोडली नव्हती. त्या दिवशी मोडली.

आमच्या घरातली अक्षयनीवी ती होती, हे मला लेण्यातला लेख वाचल्यावर कळलं.

भिंत

आप्पा आणि माझ्यात संयमाचा फरक असेलही. पण मला वाटतं, खरा फरक व्यवस्थेचा होता. त्यांचं मुद्दल दुसऱ्याच्या तिजोरीत होतं, काढायला दिवसाउजेडी जावं लागायचं, काउंटरवरचा माणूस ओळखीचा, तो विचारणार, "काय झालं, आप्पा?" माझं मुद्दल रात्री दोन वाजता अंगठ्याच्या एका स्पर्शावर होतं आणि माझा तक्ता माझ्याशिवाय कुणी पाहिलेला नव्हता. शिस्तीचा नियम ज्या मनात राहत होता, त्याच मनानं तो मोडला.

तुमच्यापैकी अनेकांनी पोकरचं टेबल कधी पाहिलंही नसेल. पण फोनवर ऑप्शन्स घेत असाल. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या दर १०० किरकोळ गुंतवणूकदारांपैकी ९३ जण तोट्यात गेले. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. त्यांच्यातही 'दोन टक्क्यांपेक्षा जास्त रिस्क घ्यायची नाही' हे पाठ असलेले कमी नसतील.

जानेवारी २०२४ पासून मी त्याच पतसंस्थेत दरमहा २,००० भरू लागलो. खातं दोघांच्या नावावर, पैसे काढायला आप्पांची सही लागते. विसावा हप्ता ऑगस्ट २०२५ मध्ये भरला. त्याच महिन्यात संसदेनं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला, कौशल्याचे असोत की नशिबाचे. मित्रांनी विचारलं, आता तरी सुटलास ना? मला तसं वाटत नाही. खेळ दुसऱ्या नावानं परत येतात. फाशांचा मटका झाला, मटक्याचं ॲप झालं.

मराठीत फासे टाकल्यावर जे पडतं त्यालाही 'दान' म्हणतात, आणि उषवदातानं जे दिलं तेही दानच. पहिलं दान कसं पडेल, हे कुणाच्या हातात नाही. दुसरं त्यानं दगडात कोरून स्वतःच्याही हाताबाहेर ठेवलं. मागच्या महिन्यात आप्पांना घेऊन लेण्यावर गेलो. पायऱ्या चढून त्यांना दम लागला होता. मी त्यांना भिंतीवरची अक्षरं दाखवली, दोन हजारांचा हिशेब सांगितला. त्यांनी तोंडातल्या तोंडात गुणाकार केला आणि विचारलं, "अन् ज्या साली विणकरांचा धंदा बसला, त्या साली?"

याचं उत्तर लेखात नाही. उतरताना आप्पाच म्हणाले, "म्हणून त्यानं दोन जागी ठेवले असतील."